सतरा मिनिटं पुढे

१

माझं मनगटी घड्याळ सतरा मिनिटं पुढे असतं. हे माझ्या बायकोचं काम. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. त्यातली नऊ तिनं माझी वाट बघण्यात घालवली आणि उरलेली दोन मी घरातच असूनही ‘आलो, दोन मिनिटं’ म्हणण्यात घालवली, असा तिचा हिशोब आहे. शेवटी तिनं हात टेकले. एका रविवारी माझं घड्याळ काढून घेतलं, चावी ओढली आणि काटे पुढे सरकवले.

‘‘सतरा कशाला? पंधरा कर की सरळ,’’ मी म्हणालो.

‘‘पंधरा केली तर तू मनातल्या मनात वजा करशील. दहा, पंधरा, वीस तुला झटकन जमतं. सतरा वजा करेपर्यंत तुझे बूट पायात चढलेले असतील.’’

बाई हुशार आहे. पण मीही काही कमी नाही. दोन दिवसांत मी सतरा वजा करायला शिकलो आणि पुन्हा पूर्वीसारखा उशिरा पोचायला लागलो.

यात गंमत होती ती मुंगीपर्यंत. मुंगी म्हणजे आमची आठ वर्षांची लेक. नाकासमोर चालते आणि वाटेत सापडेल ते उचलून घरी आणते, म्हणून मुंगी. बायको औषधांच्या दुकानात काम करते. बुधवार ते शुक्रवार तिची दुपारची पाळी असते, त्यामुळे ते तीन दिवस शाळेतून मुंगीला आणायचं काम माझं. शाळा साडेतीनला सुटते. गेल्या महिन्यात एका गुरुवारी मी चार वाजून दहा मिनिटांनी पोचलो. फाटकाशी ती एकटी उभी होती, दप्तर पाठीवर तसंच. रडली नाही. घरी येईस्तोवर एक शब्द बोलली नाही. आणि त्यानंतर ‘बाबा, आज कधी येशील?’ हे तिनं विचारणंच बंद केलं.

बायकोचा आरडाओरडा मी पचवला. हे मला पचलं नाही. पुन्हा एकदाही तिला त्या फाटकाशी उभं ठेवायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं.

आता त्या गुरुवारी मी काय करत होतो? एका पेटीला वेळ शिकवत होतो. माझं काम नेटवर्कचं. आमच्या कचेरीला पाच मजले आणि प्रत्येक मजल्यावर वायरींची एक कोंदट खोली. त्या खोलीत एक स्विच. दिव्याचं बटण नव्हे, एक लोखंडी पेटी, जिच्यात त्या मजल्यावरच्या सगळ्या संगणकांच्या वायरी येऊन घुसतात. प्रत्येक स्विचच्या पोटात एक घड्याळ असतं, आणि ती घड्याळं एकमेकांशी जुळवून ठेवावी लागतात. रीत साधी आहे. प्रत्येकानं आपल्याहून मोठ्याला विचारायचं, किती वाजले, आणि धाकट्याला सांगायचं. सगळ्यात मोठा बाहेरच्या जगातून खरी वेळ आणतो. स्विचची वेळ चुकली की दारावरचं हजेरीचं यंत्र चुकतं, भिंतीवरची घड्याळं चुकतात, आणि मग पाच मजले मिळून माझ्या नावानं खडे फोडतात.

तर या महिन्यात एका सोमवारी वीज गेली आणि बाहेरून येणारी लाइनही तुटली. वीज आली, लाइन आली नाही. पाचही स्विच शुद्धीवर आले ते एकोणीसशे त्र्याण्णव साल चालू आहे असं समजून. नेमका त्याच दिवशी तपासनीस आला होता. वही उघडून तो माझ्या मानेशी उभा. फोन त्या खोलीत न्यायचा नाही असा नियम, तो बाहेरच्या खणात. मी वैतागून मनगटाकडे बघितलं, दुसऱ्या मजल्यावरच्या स्विचमध्ये हातानं वेळ घातली आणि त्यालाच घरातला मोठा करून टाकलं. बाकीच्या चौघांनी आता यालाच विचारायचं. त्यासाठी हुकमाची जी एक ओळ स्विचमध्ये घातली तिच्यापुढे मी शेरा लिहिला, ‘तात्पुरतं. संध्याकाळी काढणे.’ आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं हे वाक्य कधी ना कधी लिहिलेलं असतं, आणि कुणीही संध्याकाळी काही काढत नाही. मीही काढलं नाही.

आणि सतरा वजा करायला विसरलो. हे मात्र माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

२

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी कचेरीच्या दाराशी कार्ड टेकवलं. यंत्रानं लाल दिवा दाखवला आणि खाली अक्षरं आली, ‘कार्डधारक आत आहे.’

पुन्हा टेकवलं. कार्डधारक आत आहे. शर्टाला पुसून टेकवलं. कार्डधारक आतच.

‘‘काका, हे काय नाटक आहे?’’

दारावरचे काका वर्तमानपत्रातून वर बघत म्हणाले, ‘‘तुम्ही बाहेर कधी गेलात?’’

‘‘मी आत कधी आलो?’’

‘‘झाली की पंधरा-वीस मिनिटं. ‘काय काका, गुडघा कसा आहे’ विचारलंत.’’ मग जरा खुशीत म्हणाले, ‘‘एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलंत हो.’’

मला काकांचा गुडघा दुखतो हेच माहीत नव्हतं. मी म्हटलं, माणूस म्हातारा झालाय, रोज दोनशे चेहरे बघतो, गल्लत झाली असेल. यंत्र तर माझ्याच खात्यातलं, त्याची लायकी मला ठाऊक आहे. काकांनी त्यांच्या किल्लीनं दार उघडलं आणि मी आत गेलो.

माझ्या टेबलावर चहाचा रिकामा कप होता. मी चहा अर्धा ठेवतो, सगळी कचेरी मला त्यावरून नावं ठेवते. हा तळापर्यंत प्यालेला होता आणि कप अजून कोमट होता. टेबलावरचे कागद एकावर एक नीट रचलेले. गेले सहा महिने माझ्या खणात वायरींचा एक गुंता पडून होता, तो सोडवून त्याच्या चार व्यवस्थित गुंडाळ्या केलेल्या. प्रत्येकीला चिठ्ठी लावलेली, आणि चिठ्ठीवर अक्षर माझं. फक्त घाई नसताना काढलेलं.

मी खुर्चीवर बसलो आणि लगेच उठलो. खुर्ची ऊबदार होती.

कुणीतरी माझी फिरकी घेतंय असं ठरवून मी दिवसभर सगळ्यांकडे संशयानं बघत राहिलो. दुपारी कॅमेऱ्याचं चित्रण काढलं. दारावरच्या कॅमेऱ्यापुढे आमच्या थोर वास्तुरचनाकारानं एक खांब उभा करून ठेवलाय. चित्रणात काका दिसले. ते खांबामागच्या कुणाकडे तरी बघून हसले आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. खांबामागून एक बाही तेवढी दिसली. निळी. त्या दिवशी मी निळाच शर्ट घातला होता, पण निळे शर्ट काय, निम्म्या कचेरीकडे आहेत.

संध्याकाळी घरी पोचलो तर दार उघडंच होतं. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, ‘‘परत कुठे उलथला होतास?’’

‘‘परत म्हणजे? आत्ता येतोय.’’

‘‘मग मघाशी बडबडत होतं ते कोण? वहीला कव्हर घालून झालं आणि न सांगता खाली उतरलास. जरा सांगून जात जा ना!’’

मुंगी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसली होती. समोर तिची गणिताची वही. महिनाभर ती माझ्यामागे लागली होती, बाबा कव्हर घालून दे, आणि मी महिनाभर दोन मिनिटं, दोन मिनिटं करत होतो. आता वहीला तपकिरी कागदाचं कव्हर होतं. कोपरे असे दुमडलेले, की मला सात जन्मांत जमणार नाहीत.

‘‘हे कुणी घातलं गं?’’

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

‘‘तूच,’’ ती म्हणाली. पण जरा थांबून म्हणाली.

भीती वाटली असं कबूल करायला लाज वाटते, पण वाटली. मग मी रागावलो, कारण भीतीपेक्षा राग मला बरा जमतो. दमलोय, काल रात्री झोपेत घातलं असेल कव्हर, असं काहीतरी स्वतःला सांगितलं आणि जेवून झोपलो.

३

बुधवारी आमच्या मॅडमनी मला उभ्या उभ्या फैलावर घेतलं.

‘‘अर्धी कचेरी दोन दिवस उशिरा येतेय असं यंत्र म्हणतंय. माझ्या दारात रांग लागलीय. घड्याळं बघा जरा! आणि काल तुम्ही ‘लगेच बघतो’ म्हणालात ते काय झालं?’’

काल मी मॅडमशी बोललोच नव्हतो. पण हे बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग फोनकडे. भिंत फोनच्या पुढे होती. किती, ते मोजलं आणि कपाळावर हात मारला. सतरा मिनिटं.

आता सगळं लख्ख झालं असं मला वाटलं. सोमवारची माझीच घाई. इमारत सतरा मिनिटं पुढे पळतेय, नोंदी चुकल्यात, काकांचं डोकं त्या यंत्रावर चालतं म्हणून तेही चुकलेत. कोमट कप आणि कव्हराचे कोपरे यात बसत नव्हते, पण एवढ्या तेवढ्याकडे बघत बसलं तर माणसानं नोकरी कधी करायची?

जेवणाच्या सुट्टीनंतर मी कामाला लागलो. बाहेरची लाइन कालच जुळली होती, म्हणजे खरी वेळ हजर होती. पाचवा मजला दुरुस्त केला, चौथा केला, तिसरा केला, पहिला केला. पहिला होईपर्यंत पाचवा पुन्हा सतरा मिनिटं पुढे. पाचव्यावर धावलो तोवर चौथा. वर्गातल्या एका पोराला खाली बसवावं तर दुसरं उठून उभं राहावं, तसा प्रकार. आणि प्रत्येक स्विचला विचारावं तर उत्तर एकच, वेळ जुळलेली आहे. अरे, पण कुणाशी? दुसऱ्या मजल्याशी. खरी वेळ दारात येऊन उभी आहे आणि हे चौघे गाढव अजून दुसऱ्या मजल्यालाच विचारतायत, किती वाजले.

तीन वाजून गेले होते. दुसऱ्या मजल्यावरची माझी ती एक ओळ पुसायची, म्हणजे एका मिनिटाचं काम, आणि थेट शाळा गाठायची. चालत बारा मिनिटं. आज मी शाळा सुटायच्या आधी फाटकाशी उभा असणार होतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीचं दार आतून बंद होतं.

त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आणि दुसरी मॅडमच्या कपाटात. आत दिवा होता, दाराखालून उजेडाची रेघ दिसत होती. पंखे घोंगावत होते, आणि त्यांच्या आवाजाखाली बोटांचा आवाज. कुणीतरी टाइप करत होतं. भरभर नाही, एकेक अक्षर नीट दाबत.

मी दार ठोठावलं. ‘‘कोण आहे आत?’’

टाइप करणं थांबलं.

‘‘आलो, दोन मिनिटं,’’ आतून आवाज आला.

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की ओळखू येत नाही म्हणतात. मला तत्काळ ओळखू आला. रोज बायकोला, मुंगीला, मॅडमना, अख्ख्या जगाला मी हेच वाक्य याच सुरात ऐकवतो. ते ऐकून समोरच्याला काय वाटत असेल ते मला त्या बोळात उभं राहून पहिल्यांदा कळलं. डोक्यात तिडीक गेली. मी दारावर मुठी आपटल्या, लाथ घातली, किल्ली घालून बघितली. किल्ली आत जाईना, कारण पलीकडून एक किल्ली लावलेली होती.

आणि मी थांबलो. हीच माझी चूक. दोन मिनिटं म्हणाला म्हणून मी थांबलो. दोनाची दहा झाली, दहाची वीस. आतून पुन्हा बोटांचा आवाज आला नाही. फोनकडे बघितलं तर तीन वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. मी जिन्याकडे पळालो.

४

फाटकाशी कुणीच नव्हतं. शाळेच्या मावशी आतून साखळी लावत होत्या. या मावशी गेल्या महिन्यापासून माझ्याशी फटकून वागतात. आज मात्र हसल्या.

‘‘काय विसरलात?’’

‘‘मुंगी कुठे आहे?’’

‘‘घ्या! आत्ता तर घेऊन गेलात. घंटा व्हायच्या आधीच येऊन उभे होतात की. मी म्हटलं, सुधारले हो हिचे बाबा.’’

‘‘मावशी, मी आत्ता आलोय. ती कुणाबरोबर गेली?’’

‘‘थट्टा पुरे,’’ त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून त्यांचं हसू गेलं. ‘‘अहो, असं काय करता? तुमचाच हात धरून गेली. तिचं दप्तरसुद्धा तुम्ही तुमच्या खांद्याला लावलंत.’’

मी बायकोला फोन लावला. दुकानात ती फोन उचलत नाही. आणि उचलला असता तर मी सांगणार काय होतो? मुंगीला मी घेऊन गेलोय आणि मला मी सापडत नाहीये?

मी घरी पळालो. दाराला बाहेरून कुलूप. आत दप्तर खुंटीला टांगलेलं, जिथे टांग म्हणून मी रोज ओरडतो आणि ती रोज जमिनीवर टाकते. टेबलावर दुधाचा रिकामा पेला, तळाशी साय, अजून गरम. खुर्चीच्या पाठीवर शाळेचा गणवेश घडी घालून ठेवलेला. फडताळाच्या दाराला चिठ्ठी चिकटवलेली, ‘बागेत जातो.’ अक्षर माझं, घाई नसलेलं.

बाग गल्लीच्या टोकाला. मी पोचलो तेव्हा झोका रिकामाच हलत होता. बाकावर एक आजोबा बसले होते.

‘‘एक लहान मुलगी, आणि बरोबर…’’ मी बोलता बोलता थांबलो.

आजोबांनी चष्मा वर केला. ‘‘अहो, तुम्हीच ना ते? मुलगी कुठे ठेवलीत?’’

तिथे, त्या हलणाऱ्या झोक्याशेजारी, धावून उपयोग नाही हे मला कळलं. मी जिथे जाईन तिथून तो सतरा मिनिटं आधी निघून गेलेला असणार. तो काही विशेष करत नव्हता. मी जे जे करणार होतो तेच करत होता, फक्त बायकोनं लावून दिलेल्या घड्याळाप्रमाणे. तिनं ज्या माणसासाठी काटे पुढे केले होते तो माणूस अखेर वेळेवर आला होता, आणि माझी लेक त्याच्याबरोबर होती.

मी कचेरीकडे वळलो.

५

या वेळी दुसऱ्या मजल्यावरची खोली सताड उघडी होती. आत कुणी नव्हतं. खुर्चीवर बसायचं धाडस मला झालं नाही, मी उभ्यानंच संगणकाचा पडदा चालू केला.

ती ओळ तिथेच होती. पुढे शेराही होता, पण मी लिहिला होता तो नव्हे. ‘तात्पुरतं’ हा शब्द कुणीतरी काढून टाकला होता.

ओळ पुसायला आणि खरी वेळ आत घ्यायला एक कळ पुरे होती. माझं बोट तिच्यावर होतं आणि दाबवत नव्हतं. घड्याळ मागे ओढलं की काय होतं ते मी नोंदींमध्ये शेकडो वेळा पाहिलंय. तीच सतरा मिनिटं पुन्हा लिहिली जातात. आधीच्या सतरा मिनिटांत जे झालं त्याला मग कुणी वाली नसतो. यंत्रांचं ठीक आहे. पण आत्ता या क्षणी मुंगीचा हात त्याच्या हातात होता. मी त्याला पुसलं तर तो हात कुठे जाणार?

त्या खोलीला एक अरुंद खिडकी आहे. खाली शाळेकडे जाणारा रस्ता. मी उगीचच तिकडे बघितलं.

पलीकडच्या पदपथावरून मुंगी चालली होती. लाल फ्रॉक, मोकळी पाठ. तिचा हात धरून एक निळ्या शर्टातला माणूस चालला होता. पाठमोरा. डोक्यामागचं ते विरळ झालेलं वर्तुळ मी न्हाव्याच्या आरशात दर महिन्याला बघतो. तो अजिबात घाईत नव्हता. मुंगी दोन पावलं टाकायची तेव्हा तो एक टाकायचा, आणि ती काहीतरी सांगत होती ते ऐकायला मान वाकवून चालत होता. मी असा चालताना कसा दिसतो ते मला माहीत नव्हतं, कारण मी असा कधी चाललेलोच नाही.

ते शाळेच्या दिशेनं चालले होते. शाळा सुटून तास झाला होता. तिकडे कशाला?

‘‘मुंगी!’’ मी काचेवर हात आपटून ओरडलो.

एवढ्या लांबून, बंद काचेतून ऐकू जाणं शक्य नाही. पण मुंगी थांबली आणि मागे वळून वर बघितलं. मग त्याच्याकडे मान वर करून काहीतरी विचारलं. तो थांबला. तोही आता वळणार, असं मला दिसलं. खांदा फिरला, कान दिसला, गालाची कड दिसली.

मी कळ दाबली.

मध्ये एक बस आली. बस गेल्यावर पदपथावर कुणी नव्हतं, ना तो, ना मुंगी. भिंतीवरचं घड्याळ सतरा मिनिटं मागे आलं होतं. पंखे तसेच घोंगावत होते. मी तिथे उभा राहून मोठ्यानं रडलो, हे लिहायला मला संकोच नाही.

मग बाहेरच्या खणातला फोन वाजला. शाळेच्या मावशी होत्या, भडकलेल्या.

‘‘अहो, काय चाललंय काय तुमचं? एकदा नेता, एकदा परत आणून सोडता! पोर केव्हाची फाटकाशी एकटी उभी आहे. मला घरदार नाही का?’’

६

फाटकाशी ती उभी होती. गेल्या महिन्यासारखीच, फक्त पाठीवर दप्तर नव्हतं. मी तिला उचलून घेतलं, आठ वर्षांच्या घोडीला, आणि तिनं घेऊ दिलं. तिच्या केसांना बागेतल्या धुळीचा वास येत होता.

‘‘इथे कशाला आलीस गं परत?’’

‘‘तूच आणलंस,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणालास, इथे उभी राहा, दोन मिनिटांत येतो.’’

मी तिला खाली ठेवलं आणि तिचा हात घट्ट धरून चालायला लागलो. लवकरात लवकर घर गाठायचं, दाराला कडी लावायची, एवढंच डोक्यात होतं. निम्म्या वाटेत ती थबकली.

‘‘बाबा, तू ओढतोयस.’’

‘‘सॉरी.’’

‘‘तो ओढत नाही,’’ मुंगी म्हणाली.

घरी गेल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल तर मनगटावरचं घड्याळ काढलं, चावी ओढली आणि फोनसमोर धरून काटे बरोबर जागी आणले. एका मिनिटाचासुद्धा फरक ठेवला नाही. टेबलाशी अभ्यास करत बसलेली मुंगी ते सगळं बघत होती. बायको रात्री आली, खुंटीवरचं दप्तर आणि घडी घातलेला गणवेश बघून माझ्याकडे कौतुकानं बघितलं आणि म्हणाली, ‘‘जमतं की तुला.’’ मी काही सांगितलं नाही. कव्हराचे ते कोपरेसुद्धा माझेच आहेत असं तिला वाटत राहिलेलं मला चाललं. याची मला लाज वाटते.

गुरुवारी सकाळी मी गजर व्हायच्या आधी उठलो. अंघोळ करून घड्याळ घ्यायला टेबलाशी गेलो. ते पुढे होतं. फोन काढला. सतरा मिनिटं.

‘‘तू हात लावलास याला?’’ मी बायकोला विचारलं.

‘‘मी कशाला लावू? आता वेळेवर येतोस की,’’ ती म्हणाली आणि डबा भरायला आत गेली.

मुंगी दूध पीत होती. पेला तोंडाला लावलेला, डोळे पेल्यात. दूध संपलं तरी पेला खाली आला नाही.

‘‘मुंगी,’’ मी म्हणालो. ‘‘काटे तू फिरवलेस?’’

तिनं पेला ठेवला. ओठावर पांढरी मिशी. रागवायला मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की ती घाबरलेली नाही. तिला माझी कीव येत होती. माझ्याच लेकीला माझी कीव येत होती, आणि तिचं फारसं चुकत नव्हतं.

मी कचेरीला जाऊन पुन्हा ती कळ दाबायची असं ठरवून दाराशी गेलो. बुटांच्या फळीवर बायकोचे बूट होते, मुंगीचे होते. माझी जागा रिकामी होती. फळीवर धुळीत माझ्या बुटांचे ठसे तेवढे होते, टाचा जुळवून ठेवल्यासारखे. दाराची आतली कडी, जी मी रात्री दोनदा तपासली होती, काढलेली होती.

मुंगी माझ्यामागे येऊन उभी राहिली.

‘‘बाबा, तू दुपारी धावत येऊ नकोस हं,’’ ती समजुतीच्या सुरात म्हणाली. ‘‘तो येतो वेळेवर.’’

मग ती वाकली, फळीखालून माझ्या जुन्या चपला ओढून काढल्या आणि माझ्या पायांशी आणून ठेवल्या.